उजवीकडे ओढणारी बर्फगाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मला रडू येतं. जर्मनीत, बर्फाच्या डोंगरावर, मी एक अख्खी गाडी दरीत घालायला निघाले होते. तेही देवीचं नाव घेत!

आमचे हे बॉबलिंगेनला एका वर्कशॉपात मेकॅनिक. नाताळच्या सुट्टीत म्हणाले, "चल, आपल्या मुक्ताला खरा बर्फ दाखवू." गेस्टहाउस डोंगरावर. मालकीण हिल्डाबाई, सत्तरीच्या, आपल्या जुन्या बर्फगाडीतून पाहुण्यांना वर नेतात. चाकंच नाहीत हो त्या गाडीला! रणगाड्यासारखे दोन पट्टे.

"अहो, मग वळते कशी?"

"एका पट्ट्याला ब्रेक लावला की गाडी त्या बाजूला वळते. सोपं आहे."

सोपं! डावीकडे कडा, उजवीकडे दरी.

हे बाईंशेजारी पुढे बसले, मी आणि मुक्ता मागे. माझ्याजवळ पिशवी होती. तिच्यात कुलदेवीचा फोटो, खाली शंकरपाळ्यांचा डबा, चहाचा थर्मास. आता देवीची पिशवी पायाशी ठेवू का? तुम्ही ठेवाल? उजव्या भिंतीला कपडे वाळत घालायला असते तशी एक ताणलेली तार दिसली. म्हटलं, बरी सोय केलीय! बंदांची गाठ मारून पिशवी टांगली.

गाडी निघाली आणि उजवीकडे ओढायला लागली.

"मामा, कापुट!" मुक्ता म्हणाली. म्हणजे, आई, गाडी बिघडली! ही चार वर्षांची पोर मराठीत विचारलं तरी जर्मनच बोलते. पण त्या दिवशी तिचं म्हणणं मला लगेच पटलं.

गाडी थांबली. मी मुक्ताला आणि पिशवीला घेऊन खाली उडी मारली. देवीला एकटीला आत ठेवायचं कसं? ह्यांनी उजव्या पट्ट्यात अडकलेला बर्फ ठोकून काढला, बाईंनी गाडी थोडी पुढे नेऊन पाहिली. सरळ! सुतासारखी!

चढलो. पिशवी टांगली. पुन्हा उजवीकडे.

मग ह्यांनी पट्टा सैल आहे म्हणून ताणून घेतला. आम्ही तिघी, म्हणजे मी, मुक्ता आणि देवी, बर्फात उभ्या. गाडी सरळ. आत बसलो, की चालली दरीकडे!

"रिकामी असली की नीट जाते," हे डोकं खाजवत म्हणाले. "वजनाचा प्रश्न दिसतोय. तू जरा डावीकडे सरक."

"म्हणजे माझ्या वजनाने गाडी कलंडते?"

"अगं, मी तसं म्हटलं का?"

"मग कसं म्हटलंत?"

भांडायलाही जीव नव्हता. मुक्ताला मांडीवर घेतलं आणि डाव्या भिंतीला पालीसारखी चिकटले. गाडी निघाली. उजव्या खिडकीतून पाहिलं तर पलीकडे जमीनच नाही, नुसतं पांढरं! पोरीला एका हाताने आवळलं, दुसरा हात लांब करून तारेवर टांगलेली पिशवी घट्ट धरली. "आई, माझ्या लेकीला सांभाळ! आई, ओढून घे गं आम्हाला!"

आईने ओढलं. गाडी गर्रकन उजवीकडे! मी आणखी जोरात पिशवी धरली, गाडी आणखी वळली. मी किंचाळले, मुक्ता किंचाळली, पुढे हे माझ्याहून मोठ्याने किंचाळले. बाईंनी इंजिनच बंद केलं. गाडीचं नाक दरीच्या काठावर!

बाई मागे वळल्या. माझा हात अजून पिशवीवर. पिशवीच्या ओझ्याने तार धनुष्यासारखी वाकलेली.

"आल्झो," त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणजे अस्सं होय! ती उजव्या पट्ट्याच्या ब्रेकची तार होती. तिच्यावरचं झाकण कधीच पडून गेलं होतं. त्यांनी गाठ सोडली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, गाडी मागे घेतली. आम्ही सरळ वर पोचलो.

रात्री शंकरपाळे खाताना हे म्हणाले, "देवीने ऐकलं हो तुझं. तू ओढून घे म्हणालीस, तिने ब्रेक ओढला."

उतरायच्या दिवशी मी शहाण्यासारखं बाईंना विचारलं, "पिशवी कुठे ठेवू?"

"पिशवी कुठेही ठेव," बाई म्हणाल्या. "तू इथे पुढे बस, माझ्या शेजारी. आणि हात गुडघ्यांवर, मला दिसतील असे."