धुतलेला कचरा

लॉन्ड्रीवाल्या काकांनी आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले आणि गुडघे बोलायला लागल्यावर दुकान विकलं. मग घरात त्यांना कोणी विचारेना, आणि रिकामं बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शेवटी त्यांनी गॅलरीत झाकणाचा ड्रम आणून ठेवला नि जाहीर केलं, "आजपासून ओल्या कचऱ्याचं खत घरीच!"

काकू तेव्हा मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. "मी येईपर्यंत खताची काही लक्षणं दिसली तर ठीक, नाहीतर ड्रम भंगारात," असं बजावून त्या गेल्या. काकांनी ओळखलं, ड्रम गेला की पुन्हा आपण, खुर्ची आणि समोरची भिंत.

त्यांनी कंबर कसली. भाजीची सालं साबण लावून दोन पाण्यांतून काढायची, पिळायची, दोरीवर चिमटे लावून वाळवायची. केळ्याची सालं आक्रसली की त्यांवरून हलकी इस्त्री. कोबीची पानं घड्या घालून ड्रममध्ये थरावर थर. समोरच्या गॅलरीतल्या शिक्षिकाबाई हातातला चहा प्यायच्या विसरल्या.

"काका, कचरा कुणी धुतं का हो?"

"मग मळका टाकू? माझ्या हातून आजवर मळकं काही गेलेलं नाही!"

रोज ते ड्रमात नाक घालत. वास नाही म्हणजे काम चोख, असा त्यांचा हिशोब.

काकू परतल्या त्या बॅग न ठेवताच गॅलरीत गेल्या. झाकण उघडताच साबणाचा घमघमाट सुटला.

"अहो, यातलं काहीच सडलेलं नाही!"

"सडू देईन होय मी!" काका छाती फुगवून म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि चेहरा पडला. "म्हणजे... ड्रम जाणार?"

काकू हसून हसून बॅगेवरच बसल्या. मग उठून त्यांनी कुंडीतली माती, आंबलेलं दही आणि ताजी, न धुतलेली सालं ड्रमात कालवली.

"राहू दे ड्रम. पण तुम्ही हात लावायचा नाही."

"मग मी करू काय?"

"काही नाही. कचरा आपला आपण सडतो."

काकांना फार वाईट वाटलं. ज्याची धास्ती होती तेच पुन्हा पदरात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, कडक शर्ट घालून स्टूल उचलून निघाले.

"नटून कुठं निघालात?" काकूंनी विचारलं.

"कामावर," काका म्हणाले, आणि ड्रमशेजारी जाऊन बसले.