लोणी कोणी नेलं

“चेटकिणीनं माझं लोणी नेलं!” असं ओरडत सासूबाईंनी दारात विस्तव मागायला आलेल्या शेवंताला ढकललं. तिच्या हातातली खापरी फुटली. मी रवीची दोरी धरून गप्प उभी होते. थंडीचे दिवस, आणि दह्यात कोमट पाणी घालायचं मी विसरले होते. लोणी येत नव्हतं ते त्यामुळे. पण मी नवी सून होते, मार खायची तयारी नव्हती.

इतक्या वर्षांनी काल परदेशात, श्रूजबरीला मुलाच्या घरी मी साय घुसळत होते. तोच आंबूस वास सुटला होता. शेजारची आयरिश म्हातारी, नोरा, आत आली. तिनं माझ्या हातातली रवी घेतली आणि चार वेळा फिरवली.

“हे काय नवीन?” मी नातीला विचारलं.

“आजी, त्यांच्या गावात लोणी काढताना कोणी आलं तर त्यानं हात लावायचाच. नाही लावला तर ती विच, लोणी चोरणारी. सो फनी!”

“मग हात लावला की लोणी येतं का? विचार तिला.”

नोरा हसून काहीतरी बोलली. नातीनं सांगितलं, “येतं म्हणते. एक जण दमला की दुसरा घुसळतो ना!”

म्हणजे चेटकीण त्यांच्याकडेही होती, पण सुटायची सोय ठेवली होती. शेवंताच्या हातात रवी कोणी दिली नाही. पुढे गावात तिला विस्तवही कोणी दिला नाही.

सासूबाई गेल्या, शेवंताही गेली. कोमट पाणी घालायचं राहिलं होतं हे माहीत असलेली मी तेवढी अजून आहे.