झाकणातली भाजी

बसथांब्यावर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून डबा खात होती. हातावर काळा कोट. वकिलीची विद्यार्थिनी असणार. मला आमचं संध्याकाळचं लॉ कॉलेज आठवलं. तिथे वसतिगृह नव्हतं. नोकरीवरून यायचं, तास ऐकायचा, बस पकडायची. शेजारच्याचं नावही ठाऊक नसायचं, आणि डबा प्रत्येकजण असाच, पाठ फिरवून खायचा.

एकदा वर्गातली सुलभा वैतागून म्हणाली, "अरे, उद्या कोर्टात समोरासमोर उभे राहणार आपण, आणि आज एकमेकांना पाठी काय दाखवताय?" त्यातून आमचं विद्यार्थी-वकील मंडळ निघालं. मंडळाची घटना लिहायला बसलो आणि, कायद्याची पोरं असूनही, एकाच नियमावर थांबलो: डबा उघडला की आधी झाकणात दुसऱ्यासाठी वाढायचं.

मंडळ केव्हाच विरून गेलं. सुलभाही गेली. आता मला खानावळीतून एकट्याचा डबा येतो. तो उघडला की हात आपोआप झाकणात थोडी भाजी काढतो. बाकीचं जेवण संपेपर्यंत मी तिला हात लावत नाही. मग तीही मीच खातो.