दारवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर आधी कागदी भिंगऱ्या दिसायच्या, मग स्टेथोस्कोप. धंतोलीतला मेंदूचा दवाखाना, बाहेर विदर्भभरातून आलेली माणसं तोंडं पाडून बसलेली, आणि केबिनमधून आरडाओरडा, "फुंक वं! अजून जोरानं!"

मी सातवीत होते. बोलता बोलता मध्येच थांबायची. डोळे उघडे, पण मी गायब. जरा वेळानं काही झालंच नाही अशी पुढे बोलायला लागायची. वर्गात माझं नाव 'तंद्री' पडलं होतं, बाई चिडायच्या ते वेगळंच. आठवीची शाळा पारशिवनीला, आमच्या खेड्यातून सायकलनं जायचं. "रस्त्यात अशी हरवली तर?" म्हणून आईनं माझी शाळाच बंद करायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात भिंगरी दिली. मी फुंकत राहिले. म्हणे मध्येच भिंगरी थांबली अन् मीही. भानावर आले तर डॉक्टर टाळ्या वाजवत होते. "सापडलं! भाऊ, पोरगी आळशी नाही, नाटकीबी नाही. बारकीशी फिट येऊन राहिली तिले. जोरजोरानं फुंकलं का पकडता येते ते." लेकीच्या फिटवर टाळ्या वाजवणारा माणूस पाहून बाबा चाटच पडले. मला मात्र तो तिथंच आवडला.

त्यांच्या केबिनला स्प्रिंगचं झुलतं दार होतं. डोक्याला तारा लावून खात्री झाल्यावर त्यांनी आम्हाला त्या दारापाशीच उभं केलं. "मेंदूच्या पेशीले अशी दारं असतात, प्रथिनाची. विजेचा धक्का बसला का उघडतात, कॅल्शियम आत शिरते, दार मिटते. हिची काही दारं लयच हळवी. जरासा हात लावला का उघडली! मग साऱ्या पेशी एका तालात ढोल वाजवतात. त्या गलक्यात बाई काय सांगून राहिल्या, हिले कसं समजंन? औषधानं दार जरा जड करू." बाबांनी परतीच्या एसटीतच त्यांचं नाव दारवाले डॉक्टर ठेवलं.

घरी आईनं एकच शब्द धरून ठेवला, कॅल्शियम. माझं दूध बंद, दही बंद. बाबांच्या तंबाखूच्या खर्ऱ्यातला चुनासुद्धा तिनं उकिरड्यावर फेकला, घरात कॅल्शियम नकोच म्हणून! पुढच्या भेटीत हे ऐकून डॉक्टर पोट धरून हसले. "दुधाले काहून शिक्षा? त्याचा अन् या दारांचा संबंध नाही बाई. पोरीले दूध द्या. चुना फेकला ते मात्र लय बेस केलं!" बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

शाळेबद्दल ते आईशी हसून बोलले नाहीत. "शाळा बंद केली तर हे औषध कोणासाठी देऊन राहिलो मी? सध्या पोरगी बापाच्या मागं गाडीवर बसून जाईन. सायकल कवा चालवायची ते मी सांगतो." दर भेटीत मी विचारायची, "आता?" ते म्हणायचे, "थांब वं." दहावीच्या वर्षी एकदाचे म्हणाले, "चालव. पण घंटी वाजवत जाजो, गावाले कळू दे." घंटी इतकी वाजवली की पाटलांची म्हैस बिथरली.

गेल्या वर्षी त्यांनी दवाखाना बंद केला. औषध सुटूनही कितीतरी वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी बाबांना घेऊन मी भेटायला गेले.

"गाडी कोणं आणली?"

"मीच."

"पारशिवनीवरून? मग मले बेसा गावाले, माह्या घरी सोडून दे."

बाबा मागे बसले, डॉक्टर माझ्या शेजारी. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांवर पहारा ठेवणारा हा माणूस आता टक लावून बघणार, या धास्तीनं मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. सिग्नलला थांबल्यावर हळूच वळून पाहिलं. दारवाले डॉक्टर मान टाकून खुशाल घोरत होते.