कोण येईल?

येईल सरांच्या लाल पेन्सिलीला एका शब्दाचं भारी वावडं होतं. विद्यापीठात संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर ते बाहेरचे सदस्य होते. प्रस्तावात 'करण्यात येईल', 'घेण्यात येतील' असं काही दिसलं, की त्याभोवती गोल काढून ते समासात लिहायचे, 'कोण येईल?' त्यांचं खरं आडनाव आम्हा विद्यार्थ्यांपैकी फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. येईल सर म्हटलं की पुरे.

सर पिंपरीच्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. समितीतले प्राध्यापक चहा येईपर्यंत चार प्रस्ताव हातावेगळे करत, तर सर पहिल्याच्या तिसऱ्या पानावर अडकलेले असत. विज्ञानवाल्यांचे प्रस्ताव इंग्रजीत असत. त्यांना ते सोबत एक पान मराठीत जोडायला लावत. त्यामुळे त्यांच्यावर सगळ्यांचाच राग होता.

एकदा रसायनशास्त्राच्या अशाच एका पानावर 'उरलेल्या आम्लाची योग्य विल्हेवाट लावण्यात येईल' असं वाक्य होतं. सर बैठकीतून उठले आणि सरळ प्रयोगशाळेत गेले. तिथं कळलं, की विल्हेवाट लावायला रोज झाडणाऱ्या हौसाबाई येतात आणि उघड्या हातांनी बादली मागच्या गटारात ओततात. "कायतरी आंबट पाणी हाय म्हंत्यात," असं बाईंनी त्यांना सांगितलं. प्रस्ताव परत गेला आणि आला तेव्हा त्यात हातमोजे होते, चुनखडी होती आणि बादलीपुढे खुद्द संशोधकाचं नाव होतं.

माझा विषय होता भोसरीच्या प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रे ठोकून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या, कामगारांचं ऐकणं. दिवसभर त्या दणदणाटात उभं राहून कानांचं काय होतं, ते मला मोजायचं होतं. इस्पितळातून कान तपासायचं यंत्र मिळालं होतं, एका मालकाची परवानगीही मिळाली होती. त्या उन्हाळ्यात प्रस्ताव मंजूर झाला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती आणि घरी माझ्या लग्नाची घाई सुरू होणार होती. येईल सरांनी तो दोनदा परत पाठवला.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं, की शिफ्ट सुटल्यावर कामगारांची तपासणी करण्यात येईल. सर म्हणाले, "अहो बाई, शिफ्ट सुटल्यावर कोण थांबतं? घर जवळ असलेला, नाहीतर घरी जावंसं न वाटणारा. या दोघांच्या कानांवरून तुम्ही सगळ्या भोसरीचं अनुमान काढणार?" मला हसू आलं आणि रागही आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या वेळी गोल शेवटच्या ओळीला पडला. 'निष्कर्ष संबंधितांस कळविण्यात येतील.' त्यांनी विचारलं, संबंधित कोण? मी म्हटलं, मालक. कुणाला किती ऐकू येतं याची नावानिशी यादी द्यायची, या अटीवरच मालकांनी परवानगी दिली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सर रागावले नाहीत. गुरुवारी भोसरीत सुट्टी असते, तेव्हा या, एवढंच म्हणाले.

गुरुवारी ते मला रशीदभाईंच्या खोलीवर घेऊन गेले. सरांची स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचे हे भाऊ, पॉवर प्रेसवर बारा वर्षं काढलेले. सरांनी मला माझा कागद मोठ्यानं वाचायला सांगितला. रशीदभाई टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. पाण्याचा पेला घ्यायला मी मान वळवली आणि बोलत राहिले, तसा त्यांचा चेहरा कोरा झाला. ते ओठ वाचत होते, हा प्रकाश तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पडला.

"म्याडम, प्रेस खाली आला की मला पायाला कळतं," ते म्हणाले. "कानाचं बायकोला ठाऊक आहे, आता तुम्हाला. शेठला कळलं तर मशीनवरून काढतील. कागद चांगला आहे, पण माझं नाव कुठं जाणार ते ह्यात नाही."

परत जाताना स्टँडवर मी सरांना विचारलं, या एका शब्दामागे तुम्ही एवढे का लागता? ते बराच वेळ बसच्या पाट्या वाचत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे एका प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, नव्हता. मी अहवालात लिहिलं, गार्ड बसवण्यात येईल. मला वाटलं मेंटेनन्सवाले येतील, त्यांना वाटलं आणखी कुणी. पंधरा दिवसांनी त्या माणसाचा हात गेला. अहवाल अगदी शुद्ध मराठीत होता."

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'ज्याचे कान, त्यालाच निष्कर्ष मी स्वतः सांगेन. नावं कुणालाही देणार नाही.' प्रस्ताव मंजूर झाला आणि मालकांनी फाटक बंद केलं. मग भोसरी गावच्या तालमीत गुरुवारी दुपारी, मातीच्या वासात, मी यंत्र मांडून बसू लागले. पहिल्या गुरुवारी रशीदभाई दोघांना घेऊन आले. प्रबंधाला दोन वर्षं जास्त लागली. त्या दोन वर्षांत मी सरांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या, हे कबूल करते.

पुढे मी विद्यापीठातच शिकवायला लागले. सर आजारी पडले, तेव्हा समितीला त्यांचं पत्र आलं. त्यात एकच वाक्य होतं, 'मी येणार नाही.' महिन्याभरात ते गेले. मला फार पोरकं वाटलं.

आठवड्याने फलकावर सूचना लागली. 'समितीतील रिक्त जागी योग्य व्यक्तीची नेमणूक करण्यात येईल.' मी पर्समधून लाल पेन्सिल काढली, त्या 'येईल'भोवती गोल काढला आणि आत जाऊन अध्यक्षांना सांगितलं, "मी येईन."