दाजींच्या गाडीतली टिकटिक

ताईचा फोन आला तेव्हा मी उरणच्या नाक्यावर ट्रेलरच्या टायरात हवा भरून घेत होतो. "पक्या, तुझे दाजी गेले रे…" एवढंच ती बोलली. सख्ख्या बहिणीवर आभाळ कोसळलेलं, आणि या शहाण्याच्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "गाडी बंद पडली होती का?" धक्क्यानं काहीतरी बरळतोय, असं तिला वाटलं असणार. मला मात्र नेमकं तेच विचारायचं होतं, आणि पुढे कित्येक दिवस ते पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

त्याचं असं झालं. किहीमच्या वाडीतल्या नारळांवर दाजींचा जेवढा जीव, तेवढाच त्या जुन्या मोटरसायकलवर. तिच्या इंजिनात दोन लिफ्टर असतात, अंगठ्याएवढ्या लोखंडी डब्या. त्यांत तेल भरतं, वरच्या दांड्यांना त्या नीट धरून ठेवतात आणि व्हॉल्व्ह फारसा आवाज न करता उघडझाप करतात. त्या झिजल्या होत्या. माझा एक ट्रेलर बंदरात धावतो म्हणजे मला इंजिन कळतं, हा माझा जुना गैरसमज. "गॅरेज कशाला? मी बदलतो की!" दाजी मला चिडवायला प्रकाशशेठ म्हणायचे. "प्रकाशशेठ, उरलेले नट तेवढे परत करा हां," म्हणत ते शेजारी पाट टाकून बसले. सबंध रविवार मी तेलात लडबडलो, सायलेन्सर उतरवला, चढवला… आणि गाडी सुरू केली तर आतून टिकटिक टिकटिक. "आत शिवणयंत्र बसवलंस काय रे?" दाजी हसले. मी ऐटीत म्हणालो, "नवे लिफ्टर आहेत दाजी, तेल भरलं की गप्प होतील." होतातही. पण इंजिन गरम झाल्यावरही टिकटिक राहिली, तर तेल वर पोचत नाहीये अशी शंका घ्यावी लागते, आणि तेलावाचून इंजिन भर रस्त्यात जाम होतं. ती राहिली होती. मी ऐकली… आणि आत ताईनं कालवण वाढलं म्हणून हात धुवायला गेलो.

पुढच्याच आठवड्यात दाजी माणगावला एका लग्नाला निघाले, ते कार्लेखिंडीच्या चढावर रस्त्याकडेला टेकून बसलेले सापडले. गाडी स्टँडवर, चावी खिशात. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी ते मानलं. मी सोडून. मला दिसत होतं ते एवढंच, की गाडी जाम झाली आणि ते अवजड धूड या माणसानं उन्हात चढावर ढकललं. दिवसकार्याला जेवणाच्या पंगतीत बसलो, तेही ताईकडे पाठ करून.

टेम्पोतून उचलून आणलेली गाडी अंगणात तशीच उभी होती. "एकदा सुरू करून बघ ना रे," ताई दर खेपेला म्हणायची. मी आधी बॅटरी उतरली म्हणालो, मग अमावस्या काढली. शेवटी तिनं चावी माझ्या हातातच कोंबली. "इंजिनाला पण सुतक असतं काय?"

डोळे मिटून किक मारली. किक खाली गेली. म्हणजे जाम नाही! तेवढ्यात आठवलं की गरम असताना अडकलेलं इंजिन थंड झाल्यावर सुटतं. माझ्याकडे अक्कल अशीच अवेळी येते. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. टिकटिक होतीच. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली, डॉक्टरसारखी, आणि तेवढ्यात गाडी फुरफुरली, आचके दिले आणि मेली. संपलं. मीच मारलं दाजींना.

"अरे, पेट्रोल सोडलंस का?" ताई ओट्यावरून म्हणाली.

वाकून बघितलं, तर टाकीखालचा कॉक बंद. नळीत होतं तेवढ्या पेट्रोलवरच गाडी चालली होती. "टेम्पोवाल्यानं बंद केला काय गं?"

"त्यानं न्हाय. ह्यांनीच केला असणार. मासळी घ्यायला उतरले तरी बंद करायचे, उगाच गळेल म्हणून."

मी कॉक उघडला. गाडी तापू दिली. स्क्रूड्रायव्हर लिफ्टरपाशी टेकवला, शांत. वर हेडवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर टेकवला, तिथेही शांत. टिकटिक येत होती सायलेन्सर इंजिनाला मिळतो तिथून. हात जवळ नेला तर धुराचे बारीक फटके लागले. तिथला नट मी अर्धाच आवळला होता! पाना फिरवला आणि आवाज थांबला. तेल पोचत होतं. गाडी अडकलीच नव्हती. दाजींनी ती आपल्या हातानं थांबवली, स्टँडवर लावली आणि सवयीनं पेट्रोल बंद करून मग ते बसले.

"ताई, त्यांनी गाडी ढकलली नव्हती गं," म्हणालो आणि अंगणात फतकल मारून रडलो.

"मुडद्या, म्हणून इतके दिवस माझ्याकडे बघत नव्हतास होय!" ती हसलीसुद्धा. मग गाडीकडे बघून म्हणाली, "सकाळी म्हणाले होते, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, सोडा पिऊन निघा… लग्नघर हाय, वाट बघतील."

मी पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळं भोवती पसरून बसलो होतो. यातलं कुठलं तिच्या कामाचं होतं? "त्यानं काही होत नाही गं," असं काहीतरी म्हणालो. खरं की खोटं, मलाही ठाऊक नाही.

उठून मी चावी फिरवली. इंजिन थांबलं. कॉक मात्र नेहमीप्रमाणे विसरलो. ताई खाली आली, वाकली आणि तिनं तो बंद केला. खालचं इंजिन चांगलंच तापलेलं होतं, तरी तिनं हात लवकर काढला नाही.