खोली रिकामी दाखवायची होती

लालबागच्या चाळीतली एक खोली काही केल्या विकली जात नव्हती, असं म्हटलं की तुमच्या डोक्यात लगेच भूत येणार. कुणीतरी तिथे जीव दिला असणार, रात्री बांगड्या वाजत असणार. तसलं काही नाही. त्या खोलीत भूत राहणं शक्यच नव्हतं. भुतालाही पाठ टेकायला थोडी जागा लागतेच की.

खोली माझ्या मावशीची. तिचे यजमान गिरणीत होते. ते गेल्यावर तिनं खानावळ चालवली. गावाकडचे दहा-बारा गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे आणि तिथेच झोपायचे. दिवसपाळीवाले कामावर गेले, की रात्रपाळीवाले येऊन आडवे. मी तालुक्याच्या शाळेतून मॅट्रिक होऊन नोकरी शोधायला आलो, तेव्हा मला दारामागची जागा मिळाली. दार उघडलं की मी उठायचो.

मावशीची छाती शेगडीच्या धुरानं कामातून गेली होती. बोलता बोलता मध्येच थांबायची, भिंतीला हात लावून श्वास घ्यायची. परळच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, गावाला जा, शेगडीसमोर बसाल तर माझ्या औषधाचा उपयोग नाही. गावाला मुलगी होती. पण जावयाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊन पडायचं मावशीला मान्य नव्हतं. म्हणून पागडी घेऊन खोली कुणालातरी द्यायची.

आता गंमत अशी, की हे तिनं त्या माणसांना सांगितलंच नव्हतं. तिच्या यजमानांनी एकेकाला गावाहून हाताला धरून आणलेलं. त्यांना जा कसं म्हणायचं? त्यामुळे दलालानं गिऱ्हाईक आणलं, की मावशी सांगायची, परळचे पाहुणे आलेत. मग झोपलेले गडी डोळे चोळत उठून नमस्कार करायचे, चटई झटकून द्यायचे, एखादा पान आणायला खाली पळायचा. गिऱ्हाईक पाय कुठे ठेवायचा ते बघत उभं. दलाल तोंडातला तोबरा सांभाळत म्हणायचा, "हवा बघा शेठ, हवा." हवा तर होतीच, पण ती आधी पाच जणांच्या नाकातून जाऊन आलेली. पाहुणे जे जायचे ते परत यायचे नाहीत.

त्यात दिवस चळवळीचे. नाक्यावर आज सभा, उद्या अश्रुधूर. ज्याला त्याला वाटायचं, मुंबई कुणाकडे जाते ते ठरू दे, मग बघू. मी दलालाला म्हटलं, मुंबई कुठेही गेली तरी खोली तिसऱ्या मजल्यावरच राहणार. तो हसला नाही. मावशीही नाही. तिला पावसाच्या आत निघायचं होतं.

मग हरताळ आला. गिरण्या बंद, आणि आमचे सगळेच्या सगळे शिवाजी पार्कला सभेला. मावशीनं आदल्या दिवशीच दलालाला निरोप धाडला होता. आम्ही ट्रंका, वळकट्या गॅलरीत काढल्या, फरशी सोड्यानं धुतली. खोली रिकामी झाली. मावशी मधोमध उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "एवढी मोठी होती होय."

परळहून चालत एक मास्तर आणि त्यांची बायको आली. मावशीनं सांगितलं, इथे मी आणि हा भाचा, दोघंच. मास्तरांनी नळ किती वाजता येतो ते विचारलं, खिडकी उघडून पाहिली. खोली त्यांना आवडली होती, हे दलालाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण मास्तरीणबाई भिंतीकडे बघत होत्या. भिंतीला ओळीनं खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा काळा डाग.

"पलटण राहत होती की काय?" त्या हसून म्हणाल्या. आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे बघून कुणी हसलं की माझा इलाज चालत नाही. मी पहिल्या खुंटीखाली बसलो आणि तिथल्याचं घोरणं काढलं, गिरणीचा भोंगा वाजावा तसं. दुसरा झोपेत म्हशीला हाका मारायचा. तिसरा दात खायचा. बाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तरही हसायला लागले. दलाल डोळे मोठे करून बघत होता, मला वाटलं त्यालाही आवडलं.

मास्तरांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि हे सगळे आज कुठे आहेत?"

मी रंगात आलेलो. म्हशीवाल्याच्याच आवाजात सांगितलं, "सभेक गेलेत. सांजच्याक येतले जेवूक."

मास्तर हसायचे थांबले. टोपी नीट करून मावशीला म्हणाले, "बाई, खोली चांगली आहे. पण एवढ्या माणसांना बाहेर काढून आत येणं आम्हाला जमायचं नाही." आणि दोघं जिना उतरली.

दलालानं नाक्यावर आमच्या माणसांना गाठून सगळं ओकून टाकलं. संध्याकाळी सगळे वर आले ते घोषणा देऊन बसलेल्या घशांनी. गॅलरीतल्या आपापल्या ट्रंका बघितल्या. कुणीच आत घेतल्या नाहीत. सगळ्यांत थोरला होता तो दारातूनच म्हणाला, "वैनी, आमकां सांगूचां होतां." मावशीनं भात वाढला. त्या दिवशी प्रत्येकानं आपलं ताट आपण धुतलं. तसं कधी होत नसे.

ते गॅलरीत गेल्यावर मावशीनं मला आत बोलावलं. मला वाटलं, मास्तर गेल्याबद्दल बोलेल. तिनं मास्तरांचं नावही काढलं नाही.

"मेल्या, कोण कसो घोरता ता तुका म्हायत," ती म्हणाली. मग थांबली, भिंतीला हात लावून श्वास घेतला. "आता हे माझ्यासाठी खोली सोडून एकेक करून जातले. नको म्हटलंय तरी जातले. ते खंय निजतले, ता माका करून दाखव."

मी दारामागच्या माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

"उभो काय रवलंस? जा, त्यांच्या ट्रंका आत घे."